पोते तेच, नोंद वेगळी: सांगलीच्या हळदबाजारातून समजून घेऊ बदलता व्यापार

सांगली शहराला लागून, कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या संगमावर हरिपूर हे गाव आहे. या गावाच्या जमिनीत कित्येक पिढ्या हळद साठवली गेली. तोंडाशी अरुंद आणि खाली रुंद होत जाणारा खोल खड्डा खणायचा, तळाला व कडेने पाचट किंवा गवत लावायचे, हळकुंडांनी तो भरायचा आणि वरून मातीने बंद करून टाकायचा, अशी ती पद्धत होती. या खड्ड्याला पेव म्हणतात. हरिपूरच्या मातीत पेवे ढासळत नसत आणि आत हवा न खेळल्यामुळे हळदीला कीड लागत नसे.

पेव बंद झाल्यानंतर आत किती हळद आहे, ती कोणत्या प्रतीची आहे आणि कोणाच्या मालकीची आहे, हे कोणालाही डोळ्यांनी दिसत नसे. तरीही त्या न दिसणाऱ्या हळदीचे व्यवहार होत असत. सांगलीत तर हळदीच्या वायद्यांसाठी ‘स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज’ ही स्वतंत्र संस्था होती. जमिनीखालचा माल न पाहता त्यावर पैसे लावण्याचे धैर्य व्यापाऱ्यांना कशामुळे येत असे? पेववाल्याच्या शब्दामुळे आणि त्या शब्दाला आधार देणाऱ्या वहीतील नोंदीमुळे. व्यापारातील तंत्रज्ञान समजून घ्यायचे असेल तर याच ठिकाणापासून सुरुवात करावी असे मला वाटते, कारण गेल्या दहा-बारा वर्षांत बाजारात जे बदलले, त्याचे सर्वांत खोल मूळ यंत्रात नसून नोंदीत आहे. पूर्वी एकाच माणसाच्या वहीत असणारी नोंद आता एकाच वेळी अनेकांना दिसते, आणि त्यामुळे कोणी कोणावर कशाच्या आधारे विश्वास ठेवायचा याची रीतच पालटली आहे.

याचा पहिला अनुभव आपल्या भागातील बहुतेक शेतकरी कुटुंबांना दुधाने दिला. गावच्या दूध संकलन केंद्रावर पूर्वी फॅट तपासण्यासाठी काचेच्या नळीत आम्ल आणि दूध घालून ती यंत्रात फिरवत असत. त्याला वेळ लागे, आणि आकडा वाचणारा माणूस जो सांगेल तो खरा मानावा लागे. आता इलेक्ट्रॉनिक यंत्रात थोडेसे दूध घातले की मिनिटाभराच्या आत फॅट आणि एसएनएफचे (फॅट वगळता दुधातील इतर घनपदार्थांचे) आकडे पडद्यावर येतात, वजनकाटा त्याच संगणकाला जोडलेला असतो, दर आपोआप लागतो आणि छापील पावती हातात पडते. दूध तेच आहे आणि म्हैसही तीच आहे. मात्र घालणारा आणि घेणारा हे दोघेही एकाच आकड्याकडे एकाच क्षणी पाहत आहेत, हा बदल लहान नाही. अर्थात यंत्राची जुळणी चुकीची असेल तर चुकीचा आकडाही तितक्याच ठामपणे पडद्यावर उमटतो. म्हणून व्यापारात वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यांची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घेण्याचे बंधन कायद्याने घातलेले आहे. काट्यावरील पडताळणीचा शिक्का पाहण्याची सवय मात्र आपल्याकडे अजून फारशी रुजलेली नाही, आणि ती रुजायला हवी.

आता हळदीकडे येऊ. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. येथील मार्केट यार्डात सांगली-साताऱ्याची हळद तर येतेच, पण कर्नाटकातून, मराठवाड्यातून आणि तेलंगणा-आंध्रातूनही माल येतो. शेतकऱ्याने हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि पोती भरून अडत्याच्या, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाच्या, दुकानात उतरवायची, तेथे सौदा निघायचा, तोलाई व्हायची, आणि हमाली-तोलाई वजा जाता येणाऱ्या रकमेची पट्टी शेतकऱ्याच्या हातात पडायची, हा क्रम पूर्वीपासूनचा आहे आणि आजही मोडलेला नाही. बदल झाला तो या क्रमातील प्रत्येक पायरीवर उमटणाऱ्या नोंदीत.

सौद्याचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रातील अनेक बाजारपेठांमध्ये एके काळी रुमालाखाली हात घेऊन, बोटे दाबून भाव ठरवला जाई. ठरलेला भाव दोन हातांनाच ठाऊक असे, आणि ज्याचा माल विकला जात होता तो शेतकरी शेजारी उभा राहूनही अंधारात असे. बाजार समित्यांच्या कायद्याने उघड लिलाव आणला, आणि माझ्या मते कोणत्याही संगणकापेक्षा मोठी सुधारणा तीच होती, कारण भाव पहिल्यांदा सर्वांसमक्ष उच्चारला जाऊ लागला. १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजेच ई-नाम, या व्यवस्थेने त्यापुढचे पाऊल टाकले. तीत प्रत्येक ढिगाला एक क्रमांक मिळतो, खरेदीदार आपली बोली संगणकावर किंवा मोबाईलवर नोंदवतो, आणि एकाची बोली दुसऱ्याला कळत नसल्याने संगनमताला वाव कमी राहतो. कागदावर पाहिले तर वाशीमध्ये किंवा इंदूरमध्ये बसलेला व्यापारी सांगलीतील ढिगावर बोली लावू शकतो.

प्रत्यक्षात असे दूरवरचे सौदे अपेक्षेइतके होत नाहीत. त्याचे कारण इंटरनेट किंवा संगणक यांच्यात शोधण्यापेक्षा हळकुंडातच शोधावे लागते. यार्डात सौद्याच्या वेळी व्यापारी पोत्यात हात घालतो, हळकुंड मोडून त्याचा गाभा किती केशरी आहे ते पाहतो, मोडताना येणाऱ्या आवाजावरून ते किती वाळले आहे हे ओळखतो, वास घेतो, गड्डा (मूळ कंद) आणि कणी (बारीक तुकडे) किती आहे याचा अंदाज बांधतो. ही सारी माहिती त्याच्या बोटांत असते. दूरच्या खरेदीदाराला ती पाठवायची असेल तर तिचे आकड्यांत रूपांतर करावे लागते: ओलावा किती टक्के, कुरकुमीन किती टक्के, माती-काडी किती, आकारमान कोणते. साठवणीच्या अख्ख्या हळदीत ओलावा १२ टक्क्यांच्या वर असू नये, असे प्रमाण ठरलेले आहे आणि तो मोजणारे यंत्र स्वस्तही झाले आहे. हळदीला तिचा पिवळा रंग देणारे कुरकुमीन मात्र प्रयोगशाळेत तपासावे लागते. बहुतेक हळदींत ते साधारण २ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान असते, आणि औषधी अर्क काढणाऱ्या कारखान्यांसाठी तर संपूर्ण किंमतच त्या एका आकड्यावर अवलंबून असते. निर्यातदाराला याखेरीज शिसे, कीटकनाशकांचे अंश आणि बाहेरून मिसळलेले रंग यांचीही तपासणी करून द्यावी लागते.

सौदा एका सकाळी उरकायचा असेल आणि यार्डात शेकडो ढीग पडलेले असतील, तर प्रत्येक ढिगाचा नमुना योग्य रीतीने काढून, वेळेत तपासून, सर्वांना मान्य होईल असा दाखला देणे ही सोपी गोष्ट नव्हे. नमुना पोत्याच्या तोंडातून काढला की तळातून, येथून वादाला सुरुवात होते. जोवर प्रतवारीच्या दाखल्यावर दूरच्या खरेदीदाराचा विश्वास बसत नाही, तोवर त्याची बोली येणार नाही, आणि आली तरी जोखीम धरून कमीच येईल. ऑनलाइन बाजाराचे यश पडद्यावर ठरत नसून नमुना काढणाऱ्या माणसाच्या हातावर ठरते, हे ध्यानात घेतले तर सरकारने आणि बाजार समित्यांनी पैसा कोठे खर्च करावा याचेही उत्तर मिळते. सध्या या उणिवेची भरपाई व्यापारी आपल्या पद्धतीने करतात. ओळखीच्या अडत्याकडून व्हॉट्सॲपवर मोडलेल्या हळकुंडाचे छायाचित्र येते, पाठोपाठ कुरिअरने नमुन्याची पुडी जाते, आणि फोनवर भाव ठरतो. म्हणजे साधन नवे असले तरी भरवसा जुन्या ओळखीचाच आहे.

विकण्याऐवजी माल थांबवून ठेवायचा असेल, तर मात्र नव्या नोंदीने खरोखरच नवा मार्ग उघडला आहे, आणि त्याची माहिती शेतकऱ्यांपर्यंत पुरेशी पोहोचलेली नाही याची मला खंत वाटते. हळदीचा हंगाम साधारण फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत चालतो. त्या काळात आवक वाढते आणि भावावर दाब येतो. पैशांची निकड असलेला शेतकरी त्याच वेळी विकतो. यावर उपाय म्हणून राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० च्या दशकाच्या आरंभापासून अस्तित्वात आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा आणि त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम कर्जाऊ घ्यायची, असे तिचे स्वरूप आहे. त्यापुढची पायरी म्हणजे इलेक्ट्रॉनिक गोदाम पावती.

ती समजून घेण्यासाठी साध्या गोदाम पावतीतील अडचण पाहू. गोदामवाल्याने कागदावर लिहून दिले की अमुक इतकी पोती माझ्याकडे आहेत, तर बँकेच्या मनात तीन शंका येतात. माल खरोखर तेथे आहे का? त्याची प्रत लिहिली आहे तशी आहे का? आणि याच पावतीवर दुसऱ्या बँकेकडून आधीच कर्ज घेतलेले तर नाही ना? २००७ चा गोदाम विकास व विनियमन कायदा आणि त्याखाली २०१० मध्ये स्थापन झालेले प्राधिकरण यांनी पहिल्या दोन शंकांवर उपाय केला. नोंदणीकृत गोदामाची तपासणी होते, त्याला विमा आणि अनामत ठेवावी लागते, प्रत नोंदवावी लागते. तिसरी शंका मिटली ती २०१७ मध्ये, जेव्हा पावती कागदावरून उठून इलेक्ट्रॉनिक भांडारात गेली. शेअर जसे डीमॅट खात्यात असतात, तशीच ही पावती शेतकऱ्याच्या नावाने असलेल्या खात्यात राहते. बँकेने कर्ज देताना तिच्यावर बोजा चढवला की तो बोजा उतरेपर्यंत ती पावती कोठेही सरकत नाही, आणि एकाच मालावर दोन ठिकाणी उचल करणे अशक्य होते. माल गोदामातून न हलवता केवळ पावती विकताही येते. हरिपूरच्या पेवावर जे काम पेववाल्याचा शब्द करत असे, तेच काम ही नोंद करते. फरक इतकाच की पेववाल्याचा शब्द सांगलीच्या पेठेत चाले, आणि ही नोंद शेतकऱ्याला कधीही न भेटलेल्या बँकेतही चालते.

हिशेब मांडून पाहू. यातील आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा मिरज तालुक्यातील एका शेतकऱ्याकडे ५० किलोची ४० पोती, म्हणजे २० क्विंटल हळद आहे आणि एप्रिलमध्ये भाव क्विंटलला १४,००० रुपये आहे. एकूण किंमत २,८०,००० रुपये झाली. पावतीवर ७० टक्के, म्हणजे १,९६,००० रुपये कर्ज मिळाले आणि व्याजदर वर्षाला ९ टक्के असला, तर चार महिन्यांचे व्याज ५,८८० रुपये होईल. पोत्यामागे महिन्याला १० रुपये गोदाम भाडे धरले तर १,६०० रुपये होतात. वाळून वजनात एक टक्का घट आली असे मानू, म्हणजे विकताना १९.८ क्विंटलच माल राहील. हे सर्व जमेस धरले तर चार महिन्यांनी भाव सुमारे १४,५२० रुपयांच्या वर गेला तरच थांबण्यात फायदा आहे, त्याखाली राहिला तर तोटा आहे. पावतीमुळे भाव वाढत नाही. मुलीचे लग्न किंवा सोसायटीचा हप्ता समोर असताना पडत्या भावात विकण्याची सक्ती तेवढी टळते, आणि निर्णय शेतकऱ्याच्या हाती येतो. हा निर्णय घेताना कागद-पेन्सिल घेऊन वरील बेरीज करणे आवश्यक आहे, कारण भाव वाढेल या आशेवर वर्षानुवर्षे हळद राखून ठेवणाऱ्यांची घरे आपल्याकडे कमी नाहीत.

आता पोते अडत्याकडून निघून मसाल्याच्या कारखान्याकडे चालले आहे असे समजू. येथून पुढे नोंदींची एक साखळी सुरू होते आणि तिचे नाव वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या या कराकडे आपण दरांच्या दृष्टीने पाहतो. पण व्यवसाय चालवण्याची रीत बदलली ती त्याच्या जुळवणीच्या पद्धतीने. आपल्या शेतात पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटी नोंदणीची गरज नाही. त्यापुढचा व्यापारी वाळलेली हळद विकतो तेव्हा ५ टक्के कर लागतो. दहा लाखांची हळद असेल तर ५०,००० रुपये कर झाला. कारखाना तो व्यापाऱ्याला देतो आणि पुढे आपण विकलेल्या मसाल्यावरील करातून तेवढी रक्कम वजा करून घेतो. ही वजावट पूर्वी हातातील बिलाच्या आधारे मागता येई. २०२२ च्या आरंभापासून मात्र नियम असा आहे की, विकणाऱ्याने आपल्या विवरणपत्रात ते बिल दाखवले आणि ते घेणाऱ्याच्या खात्यात उमटले, तरच वजावट मिळते. विकणारा महिन्याच्या ११ तारखेपर्यंत विक्रीची यादी भरतो, १४ तारखेला घेणाऱ्याच्या खात्यात जुळलेल्या बिलांचा तक्ता तयार होतो आणि २० तारखेपर्यंत त्याला कर भरावा लागतो.

याचा अर्थ नीट समजून घ्या. सांगलीतील एका लहान व्यापाऱ्याने यादी भरण्यात आळस केला, तर दुसऱ्या जिल्ह्यातील कारखान्याचे ५०,००० रुपये अडकतात. साहजिकच कारखान्याचा खरेदी विभाग भावाबरोबरच, हा व्यापारी विवरणपत्रे वेळेवर भरतो का, हेही पाहू लागतो. एके काळी पेठेत ‘याचा व्यवहार चोख आहे’ असे म्हणत, त्यात उधारी वेळेवर फेडणे अभिप्रेत असे. आज चोखपणात पोर्टलवरील नोंदही मोडते. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून आणखी एक पायरी आली आहे: दुसऱ्या व्यापाऱ्याला द्यायचे बिल आधी सरकारी पोर्टलवर नोंदवायचे, तेथून ६४ अक्षरांचा क्रमांक आणि क्यूआर कोड मिळवायचा, आणि मगच ते बिल वैध ठरते. राज्याबाहेर ५० हजारांहून अधिक किमतीचा माल पाठवायचा असेल तर ट्रक निघण्यापूर्वी ई-वे बिल काढावे लागते, आणि त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने मोजली जाते. घाटात ट्रक बंद पडला तर मुदत वाढवून घ्यावी लागते, म्हणून चालक, मालवाहतूक करणारा आणि दुकानातला दिवाणजी या तिघांनाही एकमेकांशी सतत संपर्क ठेवावा लागतो.

दिवाणजींच्या कामाचा विचार येथे मुद्दाम करायला हवा. रोजकीर्द आणि खतावणी हाताने लिहिणारे, कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याची किती उचल आहे हे तोंडपाठ असणारे दिवाणजी हे अडत दुकानाचे मर्मस्थान होते. त्यांचे लिहिण्याचे काम संगणकाने घेतले, यात शंका नाही. परंतु ज्या दुकानांनी त्यांना काढून केवळ संगणक चालवणारा मुलगा नेमला, तेथे चुका अधिक झाल्याचे मी जवळून पाहिले आहे, कारण एकाच गावातील एकाच नावाच्या दोन शेतकऱ्यांतील फरक संगणकाला माहीत नसतो, दिवाणजींना असतो. जेथे दिवाणजींच्या शेजारी तो मुलगा बसला, तेथे काम सुधारले. यंत्र आणल्यावर जुन्या माणसाचे ज्ञान नोंदीत उतरवून घेण्यासाठी वर्षभर तरी दोघांना एकत्र बसवावे, असे मी प्रत्येक दुकानदाराला कळकळीने सांगतो.

पैसे देण्याघेण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण ते प्रत्येकाच्या अनुभवाचे आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवरील व्यवहारांच्या संख्येने ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याला २,००० कोटींचा टप्पा ओलांडला. भाजीवालीच्या गाडीवर क्यूआर कोड दिसतो तो याचमुळे. हळदीच्या घाऊक व्यवहारात मोठ्या रकमा आरटीजीएस आणि एनईएफटीने जातात, आणि या दोन्ही सेवा आता चोवीस तास चालू असल्याने शनिवारी संध्याकाळी पट्टी झालेल्या शेतकऱ्याला सोमवारची वाट पाहावी लागत नाही. एक गोष्ट मात्र घरोघरी सांगायला हवी: पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. पैसे मिळवायला पिन टाका असे जो सांगतो तो फसवतो आहे, आणि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी ती गोठवता येते ती पहिल्या काही तासांतच.

देण्याघेण्याच्या या नोंदींचा खरा उपयोग पुढे होतो. लहान दुकानदाराकडे तारण ठेवायला जमीन नसते, म्हणून बँक त्याला दारातून परत पाठवी. आता त्याच्या खात्यात रोज जमा होणाऱ्या रकमा आणि जीएसटीची विवरणपत्रे पाहून त्याच्या धंद्याचा आवाका कळू शकतो. ही माहिती खातेदाराच्या संमतीने एका बँकेकडून दुसरीकडे नेण्यासाठी ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ नावाची व्यवस्था २०२१ पासून काम करते आहे. संमती कशासाठी, किती काळासाठी आणि कोणत्या माहितीसाठी दिली जात आहे हे पडद्यावर लिहिलेले असते, आणि ती काढूनही घेता येते. ‘मान्य आहे’ वर बोट टेकवण्यापूर्वी तेवढे वाचावे. कर्ज देणाऱ्या ज्या ॲपला आपल्या फोनमधील संपर्क आणि छायाचित्रे हवी असतात, त्याचा या व्यवस्थेशी काही संबंध नाही.

आपल्याच जिल्ह्यातील आणखी एका धंद्याचा येथे उल्लेख केला नाही तर हा विषय अपुरा राहील. खानापूर, आटपाडी, तासगाव या तालुक्यांतील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे काम करत देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचले आहेत. कसोटीच्या दगडावरील रेघ पाहून सोन्याचा कस सांगणारी त्यांची नजर हीच त्यांची पत होती. आज क्ष-किरणांचे यंत्र दागिना न वितळवता काही सेकंदांत शुद्धता दाखवते, आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक बंधनकारक झाला आहे, जो ग्राहक आपल्या मोबाईलवर तपासू शकतो. नजरेत असलेली पत क्रमांकात गेली, हे हळदीच्या बाबतीत अजून अर्धवट घडले आहे, सोन्याच्या बाबतीत पुष्कळसे पूर्ण झाले आहे. सोन्याचा कस एकाच आकड्यात सांगता येतो आणि हळदीची प्रत तशी सांगता येत नाही, हे त्याचे कारण आहे. ज्या मालाची प्रत थोड्या आकड्यांत मावते, त्याचा धंदा लवकर बदलतो.

नोंद कोठे ठेवावी याचा धडा सांगलीला नदीनेही दिला आहे. २००५ च्या महापुरात हरिपूरची अनेक पेवे पाण्याखाली जाऊन हळद सडली, आणि त्यानंतर साठवण पेवांतून निघून गोदामांकडे व शीतगृहांकडे वळली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नदीकाठच्या पेठांमधील दुकानांत मालाबरोबर वह्याही भिजल्या, आणि ज्यांचा हिशेब दुकानातील एकाच संगणकात होता त्यांचा संगणकही बुडाला. उधारीचा आकडाच हाताशी नसेल तर वसुली कशाच्या आधारे करणार, आणि विम्याचा दावा करताना साठा किती होता हे कसे सिद्ध करणार? ज्यांच्या हिशेबाची प्रत रोज रात्री दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे क्लाउडवर किंवा निदान वरच्या भागातील नातेवाइकाच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर जात होती, ते लवकर उभे राहिले. क्लाउड हा शब्द ढगांचा असला तरी ती जागा जमिनीवरच, दूरच्या शहरातील सुरक्षित इमारतीत असते, आणि पूररेषेत दुकान असलेल्याला तिचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

नोंद अनेकांना दिसू लागली की चूकही अनेक ठिकाणी पोहोचते, आणि ती दुरुस्त करण्याची रीत शिकून घ्यावी लागते. वहीत आकडा चुकला तर दोघे समोरासमोर बसत, तो खोडत आणि शेजारी सही करत. आज बिलातील रक्कम जास्त लागली असेल तर क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारी चिठ्ठी, काढावी लागते, ती विवरणपत्रात दाखवावी लागते, आणि आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंतच कराचा फरक जुळवता येतो. व्यापाऱ्याला निदान कर सल्लागार तरी असतो. शेतकऱ्याची अडचण अधिक बारीक असते. आधारवर नाव एका पद्धतीने, सातबारावर दुसऱ्या पद्धतीने आणि बँक पासबुकात तिसऱ्या पद्धतीने लिहिलेले असते, आणि तारण कर्जाची वेळ आली की संगणकाला ती तीन माणसे वाटतात. २०२१ पासून ई-पीक पाहणीमध्ये पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची आहे. ती राहून गेली तर शेतात हळद उभी असूनही सातबारावर ती दिसत नाही. म्हणून विक्रीचा हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी, पाऊस लागल्यानंतर लागवड निश्चित झाली की, पीक पाहणी पूर्ण करावी, तिन्ही कागदांवरील नावे ताडून पाहावीत आणि फरक आढळल्यास तलाठी कार्यालयात किंवा आधार केंद्रात तो त्याच वेळी दुरुस्त करून घ्यावा. हळद काढणीला आल्यावर ज्याची गरज लागते, त्या नोंदीचे काम जुलै-ऑगस्टमध्ये करायचे असते.